मोटारसायकलच्या आडोशाचे अकरा सेकंद

वाचकाचा प्रश्न: सातारा जिल्ह्यातले एक वाचक, वय २६. सहकारी बँकेत नोकरी करतात आणि सायकल शर्यतींत नेमानं उतरतात. गेल्या महिन्यात ते ३० किलोमीटरच्या टाइम ट्रायलला गेले होते. एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायची ही शर्यत. जाताना वारा पाठीशी, येताना थेट तोंडावर. परतीच्या वाटेवर त्यांचे दोन मित्र मोटारसायकलवरून पुढे निघाले. मागचा उलटा बसून मोबाइलवर त्यांचं शूटिंग करत होता. गाडी दहा-पंधरा फुटांवर, सुमारे सात किलोमीटर तशीच राहिली. 'पेडल हलकं लागतंय हे मला लवकरच कळलं, पण मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नाही,' असं ते लिहितात. निकालात ते तिसरे आले. चौथा आलेला मुलगा अकरा सेकंदांनी मागे होता. शेतकऱ्याच्या घरचा, कॉलेजात शिकणारा, जुन्या सायकलवर पळणारा. बक्षीस समारंभानंतर त्यानं येऊन विचारलं, 'दादा, वाऱ्यात गियर कुठला लावला होता?' यांना उत्तर देता आलं नाही. क्लबातले ज्येष्ठ म्हणतात, सगळेच करतात, पंचांनी पाहिलं नाही, विषय संपला. एक मित्र म्हणतो, सकाळी सगळे सिग्नल तोडतोसच की, मग एवढं काय? आणि तोच मित्र आता 'स्टॅमिना'च्या गोळ्या आणून देतो म्हणतोय. 'मी मुद्दाम केलं नाही. तसाही मी तिसराच आलो असतो, पण झोप लागत नाही. मी लबाड आहे का? शर्यती सोडून द्याव्यात असं वाटतं,' असा पत्राचा शेवट आहे.

*

आधी अकरा सेकंदांचा हिशेब करू, कारण 'तसाही मी तिसराच आलो असतो' हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात ठाम वाक्य आहे आणि नेमकं तेच सगळ्यात कच्चं आहे.

सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या आसपास सायकल पळत असेल, तर स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. टायरचं घर्षण, चेन, बेअरिंग यांचा वाटा त्यामानानं किरकोळ. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात तेव्हा असलेले बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलच्या मागे सायकलस्वाराला किती आडोसा मिळतो हे वातबोगद्यात आणि संगणकावर तपासलं आहे. गाडी अडीच मीटर पुढे असेल तर हवेचा अडथळा जवळजवळ निम्म्यावर येतो. दहा मीटर पुढे असली तरी पाव भागाच्या आसपास घटतो. तीस मीटरवरसुद्धा दहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो. तुमच्या मित्रांची गाडी दहा-पंधरा फुटांवर होती, म्हणजे तीन ते साडेचार मीटर, आणि वर वारा तोंडावर. किलोमीटरमागे फक्त दोन सेकंद वाचले असं धरलं, आणि हे मी फारच कंजूषपणे धरतेय, तरी सात किलोमीटरचे चौदा सेकंद झाले. म्हणजे तुम्ही तिसरे नव्हता. चौथे होता की सातवे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि ते ठरवणं तुमचं कामही नाही.

टाइम ट्रायलमध्ये ही गोष्ट इतकी काटेकोर का धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. रोड रेसमध्ये सगळे एकत्र सुटतात. तिथे दुसऱ्याचं व्हील पकडून, म्हणजे त्याच्या मागे आडोशाला राहून, बंचमध्ये (घोळक्यात) पळणं हा खेळाचाच भाग. टाइम ट्रायलमध्ये मात्र एका स्वारानं दुसऱ्याला गाठलं तर ओलांडताना बाजूनं दोन मीटर अंतर ठेवायचं, आणि एक किलोमीटरनंतर मागे पडलेल्यानं पुढच्यापासून किमान २५ मीटर दूर राहायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दुसऱ्या सायकलस्वाराचा आडोसा चालत नाही, तिथे इंजिनाचा कुठून चालायचा!

तुमचे मित्र म्हणतात, टूर द फ्रान्समध्येही कॅमेऱ्याच्या मोटारसायकली असतातच. असतात, आणि त्यांचा फायदा कोणाला मिळाला यावरून तिथेही दर वर्षी कुरबुर होते. पण ती गाडी वाहिनीची असते, स्वारानं घरून आणलेली नसते.

आता दुसरी गोष्ट. 'मी मुद्दाम केलं नाही.' गाडी पुढे आली तेव्हा मुद्दाम नव्हतं, हे मी मान्य करते. रीलसाठी चाललं होतं, तुमच्या डोक्यात फक्त परतीचे किलोमीटर होते. पण ताशी ४० नं सात किलोमीटर म्हणजे दहा-साडेदहा मिनिटं. पेडल हलकं झाल्याचं पाय लगेच सांगतात. ज्यानं वाऱ्यात एक दिवस जरी सायकल मारली आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. एरो बारवरून (पुढे वाकून धरायच्या दांड्यावरून) डावा हात उचलून 'बाजूला घे' एवढी खूण करायची होती. एवढ्या वेळात ती खूण न करणं हासुद्धा निर्णयच होता. तुम्ही स्वतःच ते वाक्य पत्रात लिहिलंय, आणि कोणी विचारलेलं नसताना लिहिलंय. म्हणून 'मी लबाड आहे का' या प्रश्नात मला फारसा रस नाही. तो प्रश्न तुमच्याभोवतीच फिरतो. माझा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही मोडलेल्या नियमाची किंमत कोणी भरली? इथे तो माणूस समोर उभा राहून तुम्हाला गियर विचारत होता.

हाच प्रश्न धरून तुमच्या ज्येष्ठांचं आणि मित्राचं म्हणणं तपासू. कारण 'सगळेच करतात' आणि 'सगळे नियम सारखेच' ही दोन्ही वाक्यं सायकलिंगमध्ये शंभराहून जास्त वर्षं चालत आलेली आहेत.

१९०४ ची दुसरी टूर द फ्रान्स घ्या. रात्रीच्या अंधारात स्वार मोटारीला धरून जायचे, कोणी आगगाडीनं टप्पा कापला, चाहत्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या वाटेवर खिळे टाकले. शर्यत संपून चार महिने झाल्यावर पहिल्या चारही क्रमांकांचे स्वार बाद ठरले. त्यात आदल्या वर्षीचा विजेता मोरीस गारँही होता. पाचवा आलेला एकोणीस वर्षांचा आंरी कोर्ने विजेता झाला. संयोजक आंरी देग्रांज इतका वैतागला की टूर संपली, असंच त्यानं लिहून टाकलं होतं. सगळेच करत होते, आणि त्यापायी शर्यतच बंद पडायची वेळ आली होती.

लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण तुमच्या पिढीला पाठ आहे. १९९९ ते २००५ ची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली. २०१३ च्या जानेवारीत टीव्हीवर कबुली देताना तो म्हणाला की त्या वेळी त्याला ती फसवणूक वाटलीच नव्हती. सगळे एकाच पातळीवर खेळत होते. पण सगळे नव्हते. क्रिस्तोफ बासोन्स नावाचा फ्रेंच स्वार औषधं घेत नसे आणि १९९९ च्या टूरमध्ये पळता पळता वर्तमानपत्रात त्याबद्दल लिहीत असे. आर्मस्ट्राँगनं भर शर्यतीत त्याला गाठून सुनावलं, बंचमधले बाकीचे त्याच्याशी बोलेनासे झाले, आणि तो अर्ध्यावर शर्यत सोडून घरी गेला. पुढे दोनेक वर्षांत त्याची कारकीर्द संपली. 'सगळेच करतात' असं आपण म्हणतो तेव्हा जो करत नाही त्याला आपण मोजणीतून आधीच काढून टाकलेलं असतं. आर्मस्ट्राँगची ती सात विजेतेपदं नंतर कोणालाच दिली नाहीत, ती जागा आजही रिकामी आहे. बासोन्सला तर मागाहून काही मिळायचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे मी प्रत्येक नियमाची आरती करतेय असं समजू नका. सायकलिंगच्या नियमावलीत विचित्र नियमही भरपूर झाले. १९१३ च्या टूरमध्ये यूजेन क्रिस्तोफ या स्वाराचा पुढचा फोर्क (चाक धरणारा दुहेरी दांडा) तुर्माले घाटाच्या उतारावर तुटला. त्या काळी दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा दंडक. गडी सायकल खांद्यावर टाकून दहाएक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपांपर्यंत उतरला, गावातल्या लोहाराच्या भट्टीत स्वतः हातोडा चालवून फोर्क जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. भाता मारायला एक पोरगा लागला म्हणून त्याला दहा मिनिटांचा दंड झाला, नंतर तो तीन मिनिटांवर आणला. काही तास गेलेल्या माणसाला तीन मिनिटं काय नि दहा काय! हा नियम निर्दय होता, पुढे तो गेलाही. पण क्रिस्तोफनं भाता मारून घेतला तो सगळ्यांदेखत.

२०१५ च्या जिरो द'इतालिया या इटलीतल्या शर्यतीत रिची पोर्टचं चाक पंक्चर झालं. दुसऱ्या संघातला सायमन क्लार्क, दोघेही ऑस्ट्रेलियाचे, थांबला आणि त्यानं आपलं चाक काढून दिलं. फोटो इतका सुंदर की लोकांनी खिलाडूवृत्ती म्हणून तो डोक्यावर घेतला. संध्याकाळी पोर्टला दोन मिनिटांचा दंड. दुसऱ्या संघाच्या स्वाराकडून अशी मदत घ्यायची नाही, हा नियम दोघांनाही त्या क्षणी आठवला नव्हता. मला तेव्हा तो दंड अगदी कोरडा वाटला होता. पण नियम कशासाठी आहे ते पाहा: एका संघानं दुसऱ्या संघाचे स्वार गुपचूप भाड्यानं घेऊ नयेत यासाठी. चाक देणाऱ्याचं मन चांगलं होतं की सौदा होता, हे पंचांनी कसं ओळखायचं? दंड भरला, विषय मिटला, क्लार्कला कोणी वाईट म्हटलं नाही.

आणि एक २०२१ ची गोष्ट. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शर्यतीत मिखाएल शेअर या स्विस स्वारानं रिकामी बाटली रस्त्याकडेच्या प्रेक्षकांकडे टाकली, आणि तो थेट बाद. कचरा ठरलेल्या पट्ट्यातच टाकायचा, हा नियम त्याच आठवड्यात लागू झाला होता. लहानपणी आपल्यालाही अशीच एक बाटली मिळाली होती आणि तिनंच सायकलचं वेड लावलं, असं त्यानं जाहीरपणे लिहिलं. स्वारांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच शिक्षा सौम्य झाली. नियम पटत नसेल तर असं भांडता येतं, नाव लावून, उजेडात.

तुमच्या सात किलोमीटरांची या तिघांशी तुलना करा. क्रिस्तोफ, पोर्ट, शेअर यांनी नियम मोडला तो पंचांसमोर किंवा कॅमेऱ्यासमोर, आणि किंमत त्यांनी स्वतः भरली. तुमच्याकडे कॅमेरा होता, पण तो तुमचाच होता. (ते फुटेज अजून मोबाइलमध्ये असेल तर पुसू नका. मोटारसायकल किती अंतरावर होती याचा तो एकमेव पुरावा आहे, आणि तो तुमच्या विरोधात जाणारा आहे म्हणूनच त्याला वजन आहे.)

मित्राच्या सिग्नलच्या मुद्द्याकडे येते. तुम्ही त्याला उत्तर देऊ शकला नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. सकाळी साडेपाचला ग्रुप निघतो, चौक रिकामा असतो, हृदयाचे ठोके वर गेलेले असतात, बुटाची क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) काढून पाय टेकायचा कंटाळा येतो. लाल दिवा दिसला तरी पुढचा ओरडतो 'क्लिअर!' आणि मागचे बारा-पंधरा जण डोळे मिटून त्याच्यामागे जातात. तो 'क्लिअर' फक्त पहिल्यासाठी क्लिअर असतो. शेवटचा चौकात पोचेपर्यंत काही सेकंद गेलेले असतात, आणि एवढ्यात दुधाची गाडी आडव्या रस्त्यानं येऊ शकते. त्या वेळी रस्त्यावर कोण असतं तेही आठवा: झाडू घेतलेले सफाई कामगार, फिरायला निघालेले आजी-आजोबा, पहिल्या एसटीला धावणारी माणसं. सायकलचा आवाज येत नाही. ताशी ३५ नं येणारा सायकलस्वार सत्तरीच्या माणसाला धडकला तर खुब्याचं हाड मोडतं, आणि त्या वयात खुबा मोडला की पुष्कळदा माणूस पुन्हा पूर्वीसारखा उभा राहत नाही. शिवाय रोज सकाळी लाल दिव्यातून सुसाट जाणारा रंगीत जर्सीतला घोळका पाहून ज्या रिक्षावाल्याचं डोकं फिरतं, तो दुपारी आपला राग दप्तर लावून शाळेला निघालेल्या पोरीच्या सायकलवर काढतो.

यात तुम्ही हुशार मंडळी म्हणून वेगळे नाही. २००६ च्या पारी-रुबे या फ्रान्समधल्या शर्यतीत लेइफ होस्ते, पीटर फान पेतेगेम आणि व्लादिमिर गुसेव हे तिघे बंद होत असलेल्या रेल्वे फाटकातून निसटले. मागचे थांबले. तिघे दुसरे, तिसरे, चौथे आले आणि तिघेही बाद झाले. जे थांबले होते त्यांच्यातला टॉम बोनेन दुसरा ठरला. त्या तिघांना जीव नको होता असं नाही. शर्यतीत डोकं असंच चालतं, म्हणून तर फाटक आणि सिग्नलचा निर्णय आधीच, घरी, थंड डोक्यानं करून ठेवायचा असतो. ग्रुपमध्ये एकच ठरवा: सिग्नलला सगळे थांबतील, आणि इंटरव्हल (मधे मधे जोर लावून पळायचा सराव) मारायचे असतील तर ते गावाबाहेर घाटात किंवा जुन्या रस्त्यावर, जिथे चौक नाहीत. पहिल्या आठवड्यात सरासरी वेग पडेल. पडू दे. यवतेश्वरच्या चढावर तो भरून काढायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

तर मित्राला सांगा, हो, सिग्नल तोडणं चूकच आणि ते मी बंद करतोय. पण एक चूक दाखवून दुसरी गळ्यात मारायची ही युक्ती ओळखा, कारण तोच माणूस आता गोळ्या आणतोय. 'तू आधीच नियम मोडलायस, मग हेही चालेल' असं म्हणत माणूस एक-एक पायरी खाली उतरतो. गोळ्यांच्या बाबतीत मी तुम्हाला पर्याय तोलून दाखवणार नाही. घेऊ नका. ते पाकीट तुम्हाला 'स्टॅमिना' म्हणून दिलंय. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जिमच्या कोपऱ्यातल्या बिनलेबलच्या पावडरचंही तेच. डोपिंगच्या नियमांत, शरीरात सापडलेल्या पदार्थाला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. मित्रानं दिली, डॉक्टरांनी लिहून दिली, मला माहीत नव्हतं, यानं शिक्षा फार तर कमी होते, निकाल मात्र जातोच. स्टेरॉइडसारख्या पदार्थांसाठी पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षांची बंदी बसू शकते. तुम्ही २६ चे आहात. म्हणजे तिशीपर्यंत खेळ बंद.

इथे आपल्याकडच्या सायकलस्वारांना सहसा माहीत नसलेल्या दोन गोष्टी सांगते, कारण त्यात कोणाची लबाडी नसते, नुसती सवय असते. शर्यतीच्या आदल्या दिवशी 'अंगात कस नाही' म्हणून गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून घेतात. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं ही बंदी असलेली पद्धत आहे, मग त्यात साधं मीठ-पाणी का असेना. रुग्णालयातले खरे उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी असेल तर सूट. दुसरी गोष्ट ट्रामाडोल. पाठ, गुडघा दुखतो म्हणून ही वेदनाशामक गोळी सर्रास लिहून देतात. सायकलिंगनं ती शर्यतीच्या काळात २०१९ पासून बंद केली, आणि २०२४ पासून ती सगळ्याच खेळांच्या बंदी यादीत आली. ही यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते. डॉक्टरांकडे गेलात की औषध लिहायच्या आधीच सांगा, मी स्पर्धेत उतरतो. खरोखरच्या आजारासाठी औषध लागत असेल तर परवानगी मागायची रीतसर सोय आहे. दम्याच्या रुग्णांनी म्हणून इनहेलर फेकून द्यायचं कारण नाही, फक्त मात्रेची मर्यादा समजून घ्यायची.

आता तिसऱ्या क्रमांकाचं काय करायचं?

एक वाट म्हणजे गप्प बसणं आणि पुढच्या शर्यतीत सरळ पळणं. ही वाट अगदीच वाईट नाही. मोडलेल्या नियमानं कोणाचंही नुकसान झालं नसतं, समजा तुम्ही सदतिसावे आला असता, तर मी कदाचित एवढंच सांगितलं असतं. पण इथे एका ओळखीच्या मुलाचं बक्षीस आणि प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे, आणि कॉलेजातल्या खेळाडूला असं प्रमाणपत्र अर्जाला जोडायला कामाला येतं. त्यामुळे ही वाट मी बाजूला ठेवते.

दुसरी वाट तुमच्या मनात असावी असा मला संशय आहे: सोशल मीडियावर मोठी कबुली लिहायची. ती नको. खाली चारशे जण 'दादा, मोठ्या मनाचा माणूस' लिहितील, आणि चौथ्या क्रमांकाच्या गोष्टीत पुन्हा तुम्हीच नायक होऊन बसाल. शिवाय त्या मुलाला न विचारता त्याला चर्चेत ओढलं जाईल.

तिसरी वाट कंटाळवाणी आहे आणि तीच घ्यावी. संयोजकांना लेखी कळवा. मेल असेल तर मेल, नाहीतर त्यांच्या कार्यालयात सहीचा कागद द्या. चार-पाच ओळी पुरतात: शर्यतीची तारीख, तुमचा बिब नंबर (जर्सीवर लावलेला क्रमांक), परतीच्या मार्गावर अमुक ते अमुक ठिकाणापर्यंत ओळखीची मोटारसायकल माझ्या पुढे होती, मला त्याचा फायदा झाला, माझं स्थान रद्द करावं, बक्षिसाची रक्कम आणि पदक मी परत करत आहे. कारणं लिहू नका, मित्रांची नावं घालू नका, माफीचा निबंध नको. 'मला अमुक सेकंदांचा दंड द्या' असंही लिहू नका. शिक्षा काय ती पंचांना ठरवू द्या.

हरकत घ्यायची मुदत उलटून गेलेली असणार. संयोजक म्हणू शकतात, जाऊ द्या हो, निकाल लागून गेला. तसं झालं तरी रक्कम त्यांच्याकडेच जमा करा आणि पुढच्या क्रमांकाला देण्याची विनंती लेखी करा. स्वतः पाकीट घेऊन त्या मुलाच्या घरी जाऊ नका. त्याच्या हक्काची गोष्ट तुमच्या हातून मिळाली की ती मेहेरबानी दिसते, आणि घरच्या मंडळींसमोर तर जास्तच. पण संयोजकांचं पत्र त्याच्याकडे जाण्याआधी त्याला फोन करा. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. काय घडलं ते सांगा, पैसे संयोजकांकडून येतील असं सांगा आणि मग तो जे बोलेल ते ऐकून घ्या. तो चिडू शकतो. 'असू दे दादा' म्हणेल अशी मनात अपेक्षा धरून फोन करू नका. त्यानं तुम्हाला मोकळं करावं म्हणून हा फोन नाही.

क्लबात थोडी कटकट होईल. ज्येष्ठांना वाटेल, यानं क्लबचं नाव घालवलं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात आणून द्या. जिल्हा पातळीवरच्या शर्यतीला ३० किलोमीटरच्या रस्त्यावर पंच असतात मोजके, वळणावर एक, शेवटाला दोन-तीन. बाकी रस्त्यावर कोणी कोणाला पाहत नाही. 'पंचांनी पाहिलं नाही' हा निकष धरला तर अशा शर्यतींत नियम उरतच नाही. आता पुण्यात जानेवारी २०२६ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाची पुणे ग्रँड टूर झाली, आपल्याच रस्त्यांवर, परदेशी संघ आले. क्लबातल्या पोरांना तिथवर जायचं असेल तर जिल्ह्याच्या टाइम ट्रायलमध्ये लागलेली सवयच बरोबर घेऊन जावी लागणार आहे. ज्यांना शर्यत नको, लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात अंतर पुरं करायच्या फेऱ्या) करायच्या आहेत, त्यांनाही हे लागू आहे. तिथे क्रमांक नसतो, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि तरीही मदतीची गाडी फक्त कंट्रोलवरच (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी) भेटू शकते. मधल्या अंधाऱ्या रस्त्यावर भाऊ कार घेऊन मागे राहिला तर पाहणारं कोणी नसतं.

आणि शर्यती सोडायचं म्हणताय, ते मला पटलं नाही. सोडून दिल्यात तर त्या मुलाला काय मिळालं? रक्कम परत करण्यापेक्षा निवृत्ती जाहीर करणं सोपं असतं, त्यात थोडा रुबाबही असतो. आधी पत्र द्या, फोन करा, पंच जो निर्णय देतील तो घ्या. बंदी घातली तर तेवढा काळ बाहेर बसा. त्यानंतरही सायकलवर बसावंसं वाटलं नाही तर खुशाल सोडा. माझा अंदाज आहे की तसं होणार नाही. ज्याला वाऱ्यातले सात किलोमीटर एवढे टोचतात, त्याला खेळ नकोसा झालेला नाही.

राहिले ते मोटारसायकलवाले मित्र. त्यांच्यावर चिडू नका. टाइम ट्रायल म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलं होतं? पुढच्या वेळी बिब घेतानाच त्यांना जागा नेमून द्या: एकानं वळणाच्या खांबापाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं फिनिशच्या पन्नास मीटर अलीकडे, गाडीची किल्ली खिशात. मागून यायचंही नाही, कारण स्वाराच्या पाठीला अगदी चिकटून येणारी गाडीसुद्धा त्याला थोडा फायदा देते, हेही ब्लोकेन यांनी मोजलेलं आहे. दोन ठिकाणचं शूटिंग जोडून होणारं रील वीस सेकंदांचं होईल, आणि तेवढं पुष्कळ झालं.